पगार जास्त, पण संध्याकाळ कोणाची?

प्रश्न : ताई नमस्कार, गेले तीन आठवडे नीट झोप नाहीये म्हणून शेवटी तुम्हाला लिहायला बसलो. माझं वय ३८, अकाउंट्समध्ये काम करतो, सध्याच्या कंपनीत सहा वर्षं झाली. इथे आठवड्यातून एकच दिवस ऑफिसला जावं लागतं, बाकी चार दिवस घरून, आणि दिवस कसा लावायचा ते माझं मी बघतो. म्हणजे दुपारी तीनला मुलीला शाळेतून आणतो, चारला आईचा व्यायाम घेतो (तिला दोन वर्षांपूर्वी स्ट्रोक आला, डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही), आणि मुलगी झोपली की रात्री दीड-दोन तास बसून राहिलेलं काम उरकतो. मॅनेजर चांगले आहेत, काम वेळेत हातात पडलं की काही विचारत नाहीत. पण पगारवाढ मात्र नावालाच होते. बायको नर्स आहे, तिच्या शिफ्ट दर आठवड्याला बदलतात. आता दुसरीकडून ऑफर आलीये, पगार ५५ टक्के जास्त आणि टीम लीडचं पद. पण पाचही दिवस ऑफिस, जायला सव्वा तास यायला सव्वा तास, आठवड्यातून दोनदा रात्री परदेशातल्या टीमबरोबर कॉल, आणि मुलाखतीतच सांगून टाकलं की महिनाअखेरीला घड्याळ बघून चालणार नाही. घराच्या कर्जाची अजून १३ वर्षं बाकी आहेत. सासरे म्हणतात अशी संधी परत येत नाही, बायको म्हणते तू काय ठरवशील ते, मी आहे बरोबर, आणि आई म्हणते माझ्यासाठी अडून राहू नकोस, ते ऐकून तर जास्तच कसंतरी होतं. घेतली तर घर वाऱ्यावर सोडल्यासारखं, नाही घेतली तर घरच्यांच्या तोंडचे पैसे घालवल्यासारखं. १० दिवसांत कळवायचंय. काय करू?

उत्तर : दादा, आधी एक वही घ्या. तुमच्या पत्रात पैशाचा पगार ५५ टक्के जास्त एवढाच एक आकडा आहे, बाकी सगळं मनातल्या मनात चाललंय, आणि मनातल्या मनात हिशोब केला की तो कधी जुळत नाही, त्यातून नुसती झोप जाते. तुम्ही अकाउंट्समधले, दुसऱ्याचं पुस्तक असतं तर हे पहिल्याच दिवशी केलं असतं.

सोयीसाठी आत्ताचा हातात येणारा पगार १०० धरू. नवा १५५ असं वाटतं, पण जास्तीच्या कमाईवर बहुतेक ठिकाणी कर चढ्या दराने लागतो, म्हणून हातात १४५ धरू. आता तुम्ही दुपारी घरी नसणार, म्हणजे आईजवळ कोणीतरी पगारी माणूस, मुलीला शाळेतून आणून सांभाळणारं कोणीतरी, रोजचा प्रवास, आणि दमून घरी आल्यावर जे खर्च आपोआप वाढतात ते. त्याचे १५ धरले (तुमचा खरा आकडा तुम्ही टाका, तो बहुतेक याहून मोठाच निघेल), उरले १३०. आता तास. आत्ता ४० तास काम आणि एका दिवसाचे अडीच तास प्रवास, म्हणजे साडेबेचाळीस. तिकडे कमीत कमी ५० तास, दोन रात्रींच्या कॉलचे मिळून ३-४, आणि पाच दिवसांचा साडेबारा तास प्रवास, म्हणजे सहासष्टच्या घरात. १०० ला साडेबेचाळीसने भागा, १३० ला सहासष्टने भागा. आत्ता २.३५ येतात, तिकडे १.९७ (पगार महिन्याचा आणि तास आठवड्याचे, पण दोन्हीकडे तसंच असल्याने तुलनेला चालतं). म्हणजे दर तासामागे तुमची कमाई १६ टक्क्यांनी कमी होतेय, वाढत नाहीये. पगार वाढतो कारण तुम्ही आठवड्याचे साडेतेवीस तास जास्त विकताय, आणि तेही आधीपेक्षा स्वस्तात.

पण म्हणून ऑफर वाईट असंही लगेच म्हणू नका, कारण कर्जाचा हप्ता काही तासाच्या दराने फेडता येत नाही, तो महिन्याच्या पैशातून जातो आणि महिन्याला ३० जास्त उरणं ही खरी गोष्ट आहे. समजा तुमचा हप्ता त्या १०० मधले ३५ आहे. उरलेले ३० च्या ३० दर महिन्याला कर्जात भरले तर १३ वर्षांचं कर्ज पाच-सहा वर्षांत संपतं. मुलगी पुढच्या शिक्षणाला जायच्या आत घर मोकळं. हे फार मोठं आहे आणि तुमचे सासरे जेव्हा संधी म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर हेच असणार, त्यांना चुकीचं ठरवू नका. फक्त मनाशी खरं बोला, ते ३० कर्जात जातील का? ज्या वाढीव पैशाला आधीच काम नेमून दिलेलं नसतं तो दोन-तीन महिन्यांत घरखर्चात विरघळून जातो, हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता मला कोणी पगार वाढतोय असं सांगितलं की मी पहिला प्रश्न हाच विचारते, त्यातून नक्की काय करणार आहात?

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुम्ही दोन नोकऱ्यांची तुलना 'सोयीची' आणि 'पैशाची' अशी करताय. मला वाटतं प्रश्न असा आहे की तुमच्या वेळेवर हात कोणाचा. ॲलेक्झांडर मास आणि अमांडा पॅलेस या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात अमेरिकेत नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यांपुढे वेगवेगळ्या पगाराचे आणि वेगवेगळ्या वेळांचे पर्याय ठेवले होते. घरून काम करायला मिळावं म्हणून लोक सरासरी ८ टक्के पगार सोडायला तयार होते. पण मालक जेमतेम आठवडाभर आधी वेळापत्रक हातात ठेवतो, त्यात संध्याकाळ आणि शनिवार-रविवारही येतात, अशी नोकरी टाळण्यासाठी २० टक्के. आणि आपलं वेळापत्रक आपण पूर्णपणे ठरवावं यासाठी मात्र बहुतेकांना काही खास मोजायचं नव्हतं! मला हे वाचल्यावर खूप काही उलगडलं. माणसाला अगदी मोकळा वेळच हवा असतो असं नाही, ठरलेला वेळ चालतो. आपली संध्याकाळ कोणीतरी अचानक उचलून नेईल ही टांगती तलवार सोसवत नाही. म्हणून तुमच्या ऑफरमध्ये मला पाच दिवसांच्या ऑफिसपेक्षा ते 'घड्याळ बघून चालणार नाही' हे वाक्य जास्त खटकतं.

त्या वाक्याची किंमत मी मोजलेली आहे. मुलगा सहा वर्षांचा असताना मी अशीच एक मोठ्या पगाराची नोकरी घेतली होती. एका संध्याकाळी तो वाचायचं पुस्तक घेऊन शेजारी येऊन बसला, शाळेत नवीन धडा झाला होता आणि तो मला वाचून दाखवायचा होता. तेवढ्यात फोन आला. मी बोटाने 'एक मिनिट' अशी खूण केली, त्याने मान हलवली आणि आपलं बोट पहिल्या ओळीवर ठेवून वाट बघत बसला. कॉल चाळीस मिनिटं चालला. संपला तेव्हा तो सोफ्यावर कलंडून झोपला होता आणि बोट अजून त्याच ओळीवर होतं. त्या नोकरीचा मला पश्चात्ताप नाही, तिच्यातूनच आमचं देणं फिटलं, पण रुजू होण्याआधी 'संध्याकाळी सात ते नऊ मी फोन घेणार नाही' हे एक वाक्य मी बोलले नाही याचं वाईट अजून वाटतं, कारण पुढे मला कळलं की माझ्याच बरोबरीच्या एकीने ते मागितलं होतं आणि तिला मिळालंही होतं.

हा जास्तीचा पगार नक्की कशाचा असतो तेही समजून घ्या. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी हे फार नीट मांडलंय. काही नोकऱ्यांमध्ये तास दुप्पट केले की पगार दुपटीपेक्षा जास्त होतो, कारण तिथे हाक मारली की हजर असण्याचे पैसे वेगळे मोजले जातात. आणि म्हणून बऱ्याच घरांत एकजण अशी नोकरी धरतो आणि दुसरा, बहुतेक वेळा बाईच, घरासाठी हाताशी राहील अशी. तुमच्या घरात आत्ता हाताशी राहणारे तुम्ही आहात, आणि ते तुम्ही निभावताय हे मला मनापासून आवडलं. पण बायकोच्या शिफ्ट तर आधीच तिच्या हातात नाहीत. तुमचाही वेळ तुमच्या हातात राहिला नाही तर दुपारी तीनला शाळेतून फोन आला की मुलीला ताप आहे, तेव्हा निघणार कोण? जे घर दोन माणसांवर चालतं त्यात एकाचा तरी वेळ त्याचा स्वतःचा पाहिजे. ही आर्थिक गोष्ट नाहीये, ही घर चालण्याची गोष्ट आहे.

त्यामुळे माझं स्पष्ट मत, ऑफर जशी आहे तशी मी तुमच्या जागी घेणार नाही. पण नुसतं नाही म्हणून शांतही बसणार नाही, कारण आत्ताच्या नोकरीतही एक मोठी फट आहे जी तुम्हाला दिसत नाहीये. तुमची सगळी सवलत त्या एका चांगल्या मॅनेजरवर उभी आहे. उद्या ते गेले, नवीन कोणी आले आणि सोमवारपासून सगळे ऑफिसला या असा मेल आला तर? मग कमी पगारही तुमचाच आणि प्रवासही तुमचाच. घरून कामाची पद्धत ऑफर लेटरमध्ये किंवा निदान एच.आर.च्या मेलमध्ये लिहून आलीये का ते आजच बघा. नसेल तर मागा.

आणि मागे पडण्याची भीती खोटी नाही. चीनमधल्या एका मोठ्या ट्रॅव्हल कंपनीत निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी जो प्रयोग केला (२०१५ मध्ये तो छापून आला) त्यात घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, पण तेवढंच काम करणाऱ्या ऑफिसातल्या लोकांच्या मानाने त्यांना बढत्या कमी मिळाल्या. ते लोक पाचातले चार दिवस घरून काम करत होते, म्हणजे अगदी तुमच्यासारखंच. पुढे २०२४ मध्ये त्याच कंपनीतल्या १६०० हून जास्त लोकांवरचा दुसरा अभ्यास आला, त्यात दोन दिवस घरून आणि तीन दिवस ऑफिस असं होतं, तिथे बढत्यांमध्ये फरक दिसला नाही आणि नोकरी सोडून जाणारे मात्र एक तृतीयांशाने कमी झाले. म्हणून म्हणते, आईचा व्यायाम आणि मुलीची शाळा बायकोच्या शिफ्टबरोबर जुळवून अजून एक दिवस ऑफिसला जाता आलं तर जा. दिसा. मोठ्या कामाला हात घाला. आणि मग मॅनेजरना गेल्या सहा वर्षांत तुम्ही काय काय केलं ते लिहून द्या आणि पगाराचा आकडा तोंडाने सांगा, 'बघा काही होत असेल तर' असं म्हणू नका, त्यावर काही होत नसतं. दुसरीकडची ऑफर दाखवून घाबरवायला मात्र जाऊ नका, समोरचा 'बरं, जा मग' म्हणाला तर खरंच जायची तयारी असेल तरच ते पान टाकायचं.

त्याच आठवड्यात नव्या कंपनीला फोन करा. त्यांनी तुम्हाला निवडलंय, ही तुमच्या हातात जोर असण्याची वेळ आहे, रुजू झाल्यावर तो राहत नाही. विचारा, दोन दिवस घरून चालेल का, रात्रीच्या कॉलचे वार आणि वेळ ठरलेले असतील का, महिनाअखेर म्हणजे नक्की किती दिवस आणि रात्री कितीपर्यंत. शक्य झालं तर त्याच टीममधल्या कोणाशी तरी बोला आणि 'वातावरण कसं आहे' असलं काही न विचारता 'गेल्या मंगळवारी घरी किती वाजता पोचलात' असं विचारा, उत्तर येण्याआधी जी शांतता असते तिच्यातच बरंच कळतं. ते दोन दिवसांना हो म्हणाले आणि लेखी दिलं तर सगळा हिशोब बदलतो, प्रवास साडेबाराचा साडेसात तासांवर येतो, आईजवळच्या माणसाचा खर्च कमी होतो, आणि मग मी म्हणेन घ्या.

आईबद्दल एकच. त्या अडू नकोस म्हणतात आणि तुम्ही ते ऐकून गप्प होता, तर तसं करू नका. चारच्या व्यायामानंतर शेजारी बसून विचारा की आई, मी दुपारी नसलो तर तुला कशाकशाला माणूस लागेल? बाथरूमला? औषधाला? की नुसतं कोणीतरी घरात असावं म्हणून? नोकरी घ्यायची की नाही हे त्यांना विचारलंत तर त्या तुमच्यासाठीच उत्तर देणार, पण हे असं विचारलंत तर खरं काय ते सांगतील. कदाचित त्यांना तुम्ही समजताय त्यापेक्षा कमी लागत असेल. किंवा हात खांद्याच्या वर जायला हवा असेल तर रोज चारला हा व्यायाम चुकून चालणारच नाही हेही पुढे येईल, आणि मग ठरवणं सोपं होईल.

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे, पूर्ण वर्क फ्रॉम होम नोकरी, कामाचा ताण अजिबात नाही, पण तीन वर्षं तेच तेच रिपोर्ट बनवतेय. आता दुसऱ्या शहरातली ऑफर आहे, पगार बराच जास्त, काम भरपूर, मोठे प्रोजेक्ट. घरचे आणि मैत्रिणी सगळे म्हणतात एवढी आरामाची नोकरी कोणी सोडतं का, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नकोस. मला जावंसं वाटतंय. मी चुकतेय का?

उत्तर : नाही, अजिबात चुकत नाहीयेस. जा.

वरच्या दादांना मी थांबायला सांगितलं आणि तुला जा म्हणतेय कारण त्यांचा मोकळा वेळ रोज कोणाच्या तरी उपयोगी पडतोय आणि तुझा नुसता पडून आहे, तुझ्याच शब्दांत तेच तेच रिपोर्ट. आत्ता कोणाला बाथरूमला न्यायचं नाहीये, कोणाला शाळेतून आणायचं नाहीये, आणि ज्यांच्या शेजारी बसून काम शिकता येईल अशी माणसं तुला मिळतायत. या वयात वाढलेला पगार पुढच्या प्रत्येक वाढीचा पाया होतो हेही आहेच, पण मी तुला पाठवतेय ते शिकण्यासाठी. मुलाखतीत ज्यांनी तुला प्रश्न विचारले त्यांच्याकडून काही शिकावंसं वाटलं का? वाटलं असेल तर बाकी फार विचार करू नकोस.

एक रेघ मात्र आखून घे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून जो अभ्यास मांडला त्याप्रमाणे आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, स्ट्रोकचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त दिसला. एखादा महिना धावपळीचा गेला तर काही होत नाही, पण तास मोबाईलमध्ये लिहीत जा, आणि सलग तीन महिने आकडा ५५ च्या वर राहिला तर मॅनेजरपुढे तो आकडा ठेव. आणि निघताना जुन्या ऑफिसात सगळ्यांशी गोड बोलून नीघ.

प्रश्न : मी जास्त पगारासाठी चार महिन्यांपूर्वी नोकरी बदलली. रोज रात्री दहा वाजतात, मुलं झोपलेली असतात. जुनी नोकरी सोडायला नको होती असं रोज वाटतं. पण परत जायची लाज वाटते, लोक काय म्हणतील?

उत्तर : ताई, लोक दोन दिवस बोलतील आणि मग आपापल्या कामाला लागतील, रात्री दहाला दार उघडून अंधारात चप्पल काढणाऱ्या तुम्ही असता, ते नसतात.

पहिले चार-सहा महिने कुठलीही नवी नोकरी जास्तच वेळ खाते कारण प्रत्येक गोष्ट विचारून करावी लागते, म्हणून आधी हे बघा की तुमच्याबरोबरची जुनी माणसं किती वाजता निघतात. ती सहा-साडेसहाला निघत असतील तर तुमचेही तास हळूहळू उतरतील, जरा धीर धरा. पण तीही दहालाच निघत असतील तर तिथली पद्धतच ती आहे, ती तुम्ही कितीही पटापट काम केलंत तरी बदलणार नाही. मग मॅनेजरशी एकदा सरळ बोला, आठवड्यातले दोन दिवस सात वाजता निघायचं आहे, कोणते दोन ते ठरवूया, असं. 'फार ताण होतोय' असं म्हणालात तर सहानुभूती मिळेल, दोन वार मागितलेत तर कदाचित ते दोन वार मिळतील. आणि मिळाले की पहिल्याच आठवड्यात खरंच सातला उठा, काम अर्धं राहिलं तरी, कारण पहिल्यांदा थांबलात की ती सवलत संपली असं सगळे धरून चालतात.

महिनाभरात काहीच हललं नाही तर जुन्या मॅनेजरना फोन करा. कंपन्या ओळखीचं, काम माहीत असलेलं माणूस परत घ्यायला बऱ्याचदा आनंदाने तयार असतात, त्यांचा शिकवायचा वेळ वाचतो. फक्त जुन्याच पगारावर जायची घाई करू नका, मधल्या चार महिन्यांत तुम्ही मोठं काम केलंय आणि तुमचा बाजारभाव आता तुम्हाला कळलाय, तो सांगा. आणि यावेळी घरून कामाचे दिवस लेखी घ्या. नोटीस पिरियड किती आहे आणि जॉइनिंग बोनस घेतला असेल तर तो परत करावा लागतो का, हे फोन करायच्या आधी काँट्रॅक्टमध्ये बघून ठेवा.